पाचपैकी एक

४ मार्च
वही, उशीर झाला, राग मानू नको. बारा दिवस एक ओळ नाही. धाकट्या लेकाने दिग्दर्शन केलेला पहिला सिनेमा काल लागला, त्या धावपळीत राहून गेलं. एकाच हॉटेलात एकच हार चोरायला आलेली दोघं प्रेमात पडतात आणि हार राहतो बाजूला, अशी गोष्ट. मी तीनदा हसलो. ही सारखी हसत होती, पण ही कशालाही हसते.
आजपासून रोज लिहायचं.

५ मार्च
मोठ्या पेपरात परीक्षण. पाचपैकी चार तारे. एकतीस वर्षं गिरणीत कापड तपासलं. एक नंबर म्हणजे निर्दोष, पाच म्हणजे चिंध्या. चार नंबरच्या कापडाने आम्ही मशीन पुसायचो. वर 'ताजा, चुरचुरीत' वगैरे लिहिलंय. तोंडावर गोड आणि शिक्का चारचा. असले लोक गिरणीतही होते.
परीक्षण लिहिणाऱ्याला खरमरीत पत्र टाकलं.

६ मार्च
दुसऱ्या पेपराने दीड दिला. माणूस जाणकार. 'प्रेम पटत नाही, चोरी तर त्याहून नाही' असं म्हणतो खरा, पण चांगला तपासनीस बोलायला कडूच असतो. त्याला आभाराचं पत्र. ही म्हणाली, अहो, आधी धाकट्याला विचारा. त्याला काय विचारायचं. त्याला तपासणीतलं कळत नाही.

७ मार्च, सकाळी
धाकट्याचा फोन. तिकिटांच्या ॲपवर प्रेक्षकांचे तारे चांगले पडले तर दुसरा आठवडा मिळेल, आणि निर्माता पुढच्या सिनेमावर सही करेल. म्हटलं, तू निर्धास्त राहा.

संध्याकाळी
बागेत आमच्या बाकावरच्या मंडळींची सभा घेतली. अठरा म्हातारे हजर. मास्तर म्हणाले, मी सिनेमा पाहिलेला नाही. म्हटलं, तुम्ही पोरांच्या वह्या तरी कुठे वाचून तपासल्या. आणखी काही सांगू बघत होते, मी ऐकलं नाही. प्रत्येकाच्या फोनवर मी स्वतः, चष्मा पुसून पुसून, एक तारा दाबला. माझा धरून एकोणीस.
शांत झोप लागेल.

९ मार्च
धाकट्याचा फोन. कुणीतरी एकाच संध्याकाळी मुद्दाम तारे पाडले, सिनेमा उद्या उतरतोय. मी म्हटलं, हे त्या चारवाल्याचंच काम. त्याने फोन ठेवला.

१० मार्च
खोकल्याच्या औषधाला गेलो. औषधवाल्याने नवी पाटी लावलीय, 'ग्राहकांकडून ४.८ तारे'. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, खचू नका, सुधारेल. तो हसत सुटला. म्हणाला, आजोबा, पाच म्हणजे उत्तम. एक म्हणजे दुकान बंद करा.
औषध न घेताच परत आलो.
तारे बदलायला बसलो. फोन पासवर्ड मागतो, तो आठवत नाही. मास्तर म्हणाले, पाच म्हणजे उत्तम, त्या दिवशी बागेत मी तेच सांगत होतो.

१२ मार्च
मुळात पद्धतच उलटी आहे. याबद्दल वर लिहायचा विचार आहे. पण धाकटा तीन दिवस फोन उचलत नाही. ही म्हणते, सांगून टाका. मेसेज आधी इथे लिहून बघतो.

'बाळ, ते शत्रू शोधत बसू नकोस. अठरा माझ्या बाकावरचे आणि एकोणिसावा मी. मला वाटलं पहिला नंबर देतोय. चारवाल्याची माफी मागितली आहे. तुझी कशी मागायची ते कळत नाही. बोलायचं नसेल तर नुसती रिंग दे, मी समजेन. पण लवकर दे.'