तिसरं बरोबर

सोमवार, ७ जुलै २०२५

तबस्सुम आली! अठरा वर्षं पुण्यात नोकरी करून आता आमच्याच ऑफिसात, माझ्या शेजारच्या खुर्चीत. आल्या आल्या सगळ्यांसमोर "शिरे!" म्हणून ओरडली. श्रीदेवीचं शिरे फक्त तीच करते. कॉलेजात तीन वर्षं एका बाकावर होतो. माझा पहिला नंबर, तिचा दुसरा. हे आज दिवसभरात मी चार वेळा मनात म्हटलं. ती एकदाही म्हणाली नाही, तिला बहुतेक आठवतही नसावं. तेच जास्त लागलं.

कृष्णराज सर म्हणाले, "महिनाअखेरीला दोघींपैकी एका मॅडमला लॅब सॉफ्टवेअरचं प्रमुख करायचंय. अजून ठरवलं नाही." रक्त-लघवीच्या तपासण्यांचे रिपोर्ट छापणारा तो प्रोग्रॅम नऊ वर्षांपूर्वी मी एकटीनं लिहिला. वाशी, बेंबळी, परंडा धरून बावीस लॅब वापरतात. त्यात ठरवायचं काय राहिलं?

मंगळवार, ८ जुलै

तबस्सुमनं पहिलंच काम काढलं — सगळ्यांच्या कोड लिहायच्या एडिटरमध्ये लिंटर बसवायचा. म्हणजे कोडवर नजर ठेवणारा तपासनीस. चुकलं की खाली लाल नागमोडी रेघ. सर लगेच "वा वा!" मी काही सुचवलं की नऊ वर्षं "बघू".

तिची वाट न बघता मीच बसवला. एक्स्टेंशन शोधलं, इन्स्टॉल दाबलं, माझी मुख्य फाइल उघडली. एकही लाल रेघ नाही! चार हजार ओळींत एकही नाही! सरांना हाक मारून दाखवलं. तबस्सुम वाकून बघू लागली आणि फिसकन हसली.

"अगं शिरे, ते चालूच न्हाय! एक्स्टेंशन म्हंजे नुसतं दार. आत माणूस कुठंय? फोल्डरमध्ये लिंटर टाक, नियमांची फाइल कर, मग बोलंल ते."

हसण्यात कुजकेपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तिनं दोन कमांड दिल्या. सगळा पडदा लाल. ६११ चुका. सर आपल्या टेबलाकडं गेले.

ती चहाला गेल्यावर तिची फाइल उघडून बघितली. शून्य.

बुधवार, ९ जुलै

एका कमांडनं ५४० चुका आपोआप गेल्या — अर्धविराम, अवतरणचिन्हं, मोकळ्या जागा. एवढ्याशा गोष्टींसाठी काल रात्री जेवण गेलं नाही! उरल्या ७१. दिवसभर बसून साठ निस्तरल्या.

संध्याकाळी ती घरी आली. सासूबाईंनी शेंगाचटणीचा अख्खा डबा तिला बांधून दिला. ती गेल्यावर शिवलिंग म्हणाला, "तुझी मैत्रीण लई साधी आहे गं." मी साधी नाही का, असं विचारणार होते. विचारलं नाही. नवरा खरं बोलतो.

गुरुवार, १० जुलै

उरलेल्या अकरा रेघा एकाच नियमाच्या. दोन गोष्टी सारख्या आहेत का, हे विचारायला मी दोन बरोबर चिन्हं लिहिते. लिंटर म्हणतो, तीन लिहा. दोन ढोबळ, तीन काटेकोर. टाकलं तिसरं, तर कावीळ-बीच्या तपासणीचा निकाल कोराच छापला गेला!

"बघ, तुझा लिंटर माझा चालता प्रोग्रॅम बंद पाडतोय."

"का पाडतोय, ते बघू की दोघी मिळून."

"नको. माझं मी बघते."

तिसरं चिन्ह काढलं. नियमांच्या फाइलमध्ये जाऊन तो नियमच बंद केला. अकरा रेघा गेल्या. शून्य! तिच्याइतकंच. झाली बरोबरी.

शुक्रवार, ११ जुलै

सरांनी माझं शून्य बघितलं, "छान, मॅडम" म्हणाले. आनंद दुपारपर्यंतसुद्धा पुरला नाही.

शनिवार, १२ जुलै

का कोरं छापलं? दोन दिवस टोचत होतं. आज एकटीनं बसून शोधलं. रकान्यात भरलेलं शून्य हे अक्षर म्हणून येतं आणि मी त्याची तुलना शून्य या आकड्याशी करत होते. तीन चिन्हांना ही दोन वेगळी वाटतात. एवढंच! हुश्श झालं.

मग सहज दोन चिन्हांनी विचारून बघितलं — रिकामा रकाना आणि शून्य सारखेच का?

उत्तर: हो.

आमच्या प्रोग्रॅममध्ये शून्य म्हणजे निगेटिव्ह. म्हणजे कावीळ-बीची तपासणी झालीच नसली तरी माझा प्रोग्रॅम 'निगेटिव्ह' छापतो. नऊ वर्षं! गावाकडच्या लॅब या तपासणीचं रक्त धाराशिवला पाठवतात, बाकीचा कागद तोवर हातात देतात. निकाल आला की दुसरा कागद निघतो, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. पण पहिला कागद नेला आणि दुसरा अजून निघालाच नाही, असे या वर्षात चार जण आहेत. नावं नाहीत, नुसते नोंदणी क्रमांक. त्याआधीचे अजून काढायचेत.

कोड दुरुस्त केला. बावीस लॅबना गेला. नियम पुन्हा चालू केला.

रविवार, १३ जुलै

कोणालाच कळलेलं नाही. गप्प बसले तर प्रमुख होईन. ते चार जण 'निगेटिव्ह' घेऊन हिंडतील.

सोमवार, १४ जुलै

सांगितलं. सर म्हणाले, "नऊ वर्षं, मॅडम?" तबस्सुमनं तोवर लॅबचे फोन नंबर काढलेसुद्धा. "पत्र तूच लिही, शिरे. तुझं मराठी माझ्यापेक्षा चांगलं." चौघांनाही परत बोलावून रक्त तपासा, असं लिहिलं. खाली माझी सही.

प्रमुख तबस्सुम. सरांनी महिनाअखेरीची वाट बघितली नाही. तिनं माझा हात धरला. पेन घ्यायचं निमित्त करून मी सोडवून घेतला.

जाताना सर म्हणाले, "इतकं खरं बोलायला छाती लागते, मॅडम." बरं वाटलं. खरं म्हणजे तबस्सुमनं ते ऐकलं, म्हणून बरं वाटलं. काय माणूस आहे मी!

चूक सांगितली. नियम बंद केला होता, ते सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

मंगळवार, १५ जुलै

दोघांचं रक्त पुन्हा तपासलं. दोघं ठीक. तबस्सुम मला पेढा देत होती. घेतला नाही.

बुधवार, १६ जुलै

बेंबळीच्या लॅबचा फोन. एक पॉझिटिव्ह. बावीस वर्षांची, नववा महिना. तिचा नमुना वाटेतच खराब झाला होता, लगेच पुन्हा रक्त द्यायला बोलावलं होतं. "निगेटिव्ह आलंय की," म्हणून ती आली नव्हती. आता कळलंय, तर बाळाला जन्मल्या जन्मल्या लस देतील.

तिच्या कागदावरची तारीख ११ जुलै. तिसरं चिन्ह काढून नियम मी १० तारखेला बंद केला.