गोड की नुसता मोठा

गुरुवार, संध्याकाळ

लेख उद्या अकराला द्यायचा आहे आणि अर्धा पुन्हा लिहावा लागतोय. तरी मन हलकं आहे.

गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये पन्नास वर्षांपूर्वीचा व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज वाढवणारी काचेची नळी, चांगला की आजचा, एवढाच विषय. 'जुन्याचा गोडवा नव्याला नाही' असं मी आधीच लिहून बसलो होतो. जुना-नवा दोन्ही व्हॉल्व्ह घेऊन चिंचपोकळीला सावंतमामांकडे गेलो ते नुसती खात्री करायला. मामांनी आयुष्यभर रेडिओ आणि मिरवणुकीत वाजवणाऱ्या बेंजो पार्ट्यांचे अ‍ॅम्प दुरुस्त केले. व्हॉल्व्ह लावला की ते काचेवर पेन्सिलीने हलकेच टकटक करतात; स्पीकरमधून किणकिण आली तर तो बाद. दोन्ही पास झाले. मी वाजवलं आणि म्हणालो, जुनाच गोड.

आतून मटार सोलता सोलता मामी म्हणाल्या, "गोड कसला रे? मोठ्याने वाजतोय तो."

मामा हसले. त्यांनी दोघांचा आवाज सारखा केला, मला पाठ करून बसवलं आणि जुना कोणता ते ओळखायला सांगितलं. पुन्हा पेन्सिलीची टकटक, पुन्हा मी. सहापैकी चार वेळा चुकलो.

तीस वर्षं इतरांना सांगत आलो, छापण्याआधी तपासा. आणि मी? ते वाक्य तसंच छापून आलं असतं. मामींचे उपकार कसे मानायचे?

निघताना विचारलं, "मामी, लेखात तुमचं नाव घालू?"

"माझं कशाला? तुझं चुकलं ते घाल."

लेखाची सुरुवात तिथूनच केली आहे.