मुकी गोळी

बुधवार, १ ऑक्टोबर

पहिल्या डब्यातल्या दहा गोळ्या. माझी रायफल दोनदा अडकली! बोल्ट अर्ध्यावर आला आणि पुंगळी दातात धरून बसला. पॉइंट टू-टूच्या आपोआप भरणाऱ्या रायफली सगळ्या अशाच, नकचढ्या पोरासारख्या. ताटात वाढलेलं सगळं खातील तर शपथ. दुसऱ्या डब्यातल्या दहाच्या दहा सुरळीत. नेम बघायचा नव्हता तरी बघितला — पन्नास यार्डांवर पाच गोळ्या बाटलीच्या बुचाएवढ्या जागेत. जित्याची खोड!

मला हव्यात त्या रिकाम्या पुंगळ्या. हिची पिन गोळीच्या बुडाला मधोमध मारत नाही, कडेला मारते. तिथे खळगा पडतो. गोळी कुठल्याही कंपनीची असो, बंदूक तीच तर खळगा तोच. हे मला आमच्या नेमबाजी क्लबातल्या बारा जणांसमोर मांडून दाखवायचंय. सहा प्रकारच्या गोळ्या, प्रत्येकी दहा. मग शेजारच्या हॉबार्टला म्हणणार — आण तुझी रायफल, उडव एक गोळी. माझ्या कुत्र्याजवळ, टेटरजवळ सापडलेल्या पुंगळीशी ताडून बघू.

टेटरला जाऊन चार दिवस झाले. शनिवारी मी क्लबातून आलो तर अक्रोडाखाली पडलेला. कानामागे एकच गोळी. दोन हातांवर पुंगळी. ती मी त्याच संध्याकाळी लोवेलकडे दिली, क्लबाचा सेक्रेटरी म्हणून. पाकीट चिकटवलं, वर दोघांच्या सह्या. उद्या कोणी म्हणायला नको की रेफर्डने बदलली.

गुरुवार, २ ऑक्टोबर

बायकोने, आयडेलाने, बीन्स आणि मक्याचा पाव केला होता. ताट तसंच सरकवलं. "किती दिवस असा राहणार?" म्हणाली. जन्मभर, म्हटलं.

शनिवार, ४ ऑक्टोबर

तिसरा आणि चौथा डबा झाला. गोळी बदलली की आधी दहा-बारा नुसत्याच उडवाव्या लागतात. नळीत आधीच्या गोळीचं मेण असतं, नवीचं बसेपर्यंत नेम सैरभैर. खळग्यासाठी त्याची गरज नाही, तरी उडवल्या. काम करायचं तर नीट करायचं. सगळ्या पुंगळ्यांचा खळगा एकच — आखूड, चौकोनी, एक कोपरा तुटका. पिन जुनी आहे, बाबांच्या वेळची.

टेटरजवळची पुंगळी मुक्या गोळीची होती. बुडावरच्या अक्षरावरून तेव्हाच ओळखली. इकडे सगळे तिला मुकीच म्हणतात. दारू कमी, आवाज टाळीएवढा. म्हणून तर आयडेला स्वयंपाकघरात असून तिला काही ऐकू आलं नाही. माझी रायफल मुकी खातच नाही. तिच्यात एवढा जोरच नसतो की बोल्ट मागे यावा. घरात मी कधी ठेवलीच नाही. हॉबार्टची मात्र हाताने भरायची रायफल, तिला काहीही चालतं. आणि चौकातल्या दुकानवालीने आपणहून सांगितलं — हॉबार्टने सप्टेंबरात मुकीचे दोन डबे नेले!

आणखी काय पुरावा पाहिजे? हातच्या कांकणाला आरसा कशाला!

रविवार, ५ ऑक्टोबर

चर्चमध्ये हॉबार्ट मागच्या बाकावर. प्रार्थना संपल्यावर जवळ आला. "रेफर्ड, वाईट झालं रे टेटरचं." मी हात पुढे केला नाही. सगळ्यांनी बघितलं. बघू दे!

हाच माणूस जुलैमध्ये दुकानाच्या पायरीवर चारचौघांत म्हणाला होता, "अरे, त्या बिचाऱ्याची सुटका कर. तुझ्याच्याने होत नसेल तर मी करतो." त्याच्या दोन कोंबड्या टेटरने कधीकाळी मारल्या होत्या, तो राग. मी तेव्हा हसण्यावारी नेलं. मूर्ख!

आयडेला घरी येताना गाडीत म्हणाली, "चाळीस वर्षांचा शेजार आहे. चहाटळ आहे, पण दुष्ट नाही." तू त्याची वकिली करू नको, म्हटलं.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

पाऊस. पाचवा डबा राहिला. दिवसभर नुसता बसून होतो.

खरं तेच लिहितो, इथे कोण वाचणार आहे. टेटर चौदा वर्षांचा होता. दोन्ही डोळे गेलेले. मागचे पाय ओढत चालायचा. पोटाखाली गाठ, संत्र्याएवढी. रात्री कण्हायचा. आयडेला रोज सकाळी त्याला पुसायची, खालची चादर धुवायची. मी धुतली नाही कधी.

आमच्या खोऱ्यात कुत्रा थकला की मालकाने स्वतः न्यायचा, स्वतः गोळी घालायची, स्वतः खड्डा खणायचा. डॉक्टरकडे नेणाऱ्याला लोक मागून हसतात. बाबांनी त्यांचे तिन्ही नेले. मी उन्हाळ्यात तीनदा रायफल घेऊन टेटरला अक्रोडाखाली नेला आणि तीनदा परत आणला. "अजून खातोय की," असं आयडेलाला सांगितलं.

पण ते माझं मी बघितलं असतं! माझा कुत्रा. माझा दिवस. दुसऱ्याच्या कुत्र्यावर बंदूक उचलणं म्हणजे त्याच्या घरात शिरून त्याच्या खुर्चीत बसणं. ज्याने मारला त्याचं भलं होणार नाही. जेवतानाही हेच बोललो.

आयडेला अर्ध्या ताटावरून उठली.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

पाचवा, सहावा झाला. साठ पुंगळ्या. अंड्यांच्या जुन्या पुठ्ठ्यात सहा रांगा लावल्या, वर चिठ्ठ्या. भिंगातून बघितल्या. साठही सारख्या. आता बघतोच!

शनिवार, ११ ऑक्टोबर

झालं एकदाचं.

सगळे आले होते. मी पुठ्ठा टेबलावर ठेवला, समजावून सांगितलं. भिंग हातोहात फिरलं. म्हातारा एमेटसुद्धा म्हणाला, "पोराने काम चोख केलंय." एकाहत्तराव्या वर्षी पोरगा! पाकीट लोवेलच्या हातात होतं. हॉबार्टने गोळी उडवायची आणि मगच पाकीट फोडायचं असं ठरलं होतं.

लोवेलने विचारलं, "हॉबार्ट, रायफल आणलीस?"

"नाही."

"मग जाऊन आण. दहा मिनिटांचं काम."

"आणणार नाही."

"अरे, तू केलं नसशील तर भितोस कशाला?"

हॉबार्टने माझ्याकडे बघितलं. "रेफर्डला वाटतंय ना मी मारला म्हणून? मग मी मारला. लिही तसं."

चोर तो चोर, वर शिरजोर! मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. अकरा हात वर झाले. त्याचं नाव वहीतून खोडलं. जाताना त्याने खुंटीवरचा आपला कॉफीचा मग काढून घेतला आणि दार हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

लोवेलने पाकीट मला परत दिलं. न फोडलेलं. "आता याची काय गरज," म्हणाला.

आयडेलाला सगळं सांगितलं. ती बटाटे सोलत होती. "काढलं त्याला?" एवढंच विचारलं. हो, म्हटलं. सुरी खाली ठेवून परसात गेली. तिचं नेहमीच त्या हॉबार्टबद्दल जरा जास्तच!

रविवार, १२ ऑक्टोबर

डोकं दुखतंय म्हणून आयडेला चर्चला आली नाही. मी एकटाच गेलो. मागचा बाक रिकामा. लोक माझ्याशी बोलले, पण बेताचंच. मला वाटलं होतं पाठ थोपटतील.

दुपारी पाकीट फोडलं. उगीच. त्याचा खळगा एकदा डोळे भरून बघावा म्हणून.

आखूड. चौकोनी. एक कोपरा तुटका.

पाचदा बघितला. पुठ्ठ्यातली एक काढून शेजारी ठेवली. मग दुसरी. मग प्रत्येक रांगेतली एकेक.

हे शक्यच नाही. माझी रायफल मुकी खात नाही! सगळ्या खोऱ्याला माहीत आहे.

सोमवार, १३ ऑक्टोबर

दुकानातून मुकीचा डबा आणला.

पहिली गोळी उडाली. अर्थातच उडाली! पिन बसली की गोळी उडणारच. बोल्ट तेवढा मागे आला नाही. हाताने ओढावा लागला आणि पुंगळी दोन हातांवर जाऊन पडली. बाकीच्या सहा प्रकारांच्या दहा-बारा फुटांवर उडायच्या.

पन्नास वर्षं मी म्हणत आलो, ही बंदूक मुकी गोळी मारत नाही. म्हणायचं होतं एवढंच, की दुसरी आपोआप भरत नाही. नेमबाजाच्या लेखी जी दुसरी भरत नाही ती बंदूक चालतच नाही. पण म्हाताऱ्या, आंधळ्या, जागेवर उभ्या असलेल्या कुत्र्याला दुसरी कशाला लागते?

रायफल स्वयंपाकघराच्या दारामागे असते. घरात माणसं दोन. त्या शनिवारी एक क्लबात होता.

सातवी रांग लावली. मग पुठ्ठाच चुलीत टाकला.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

मी विचारलं नाही. तीच बोलली, सकाळी, माझी कॉफी ओतता ओतता. "हॉबार्टकडे एक गोळी मागितली, आवाज कमी होणारी. टेटर दचकायला नको म्हणून. तो म्हणाला, मी करतो. मी म्हटलं, घरचा आहे, घरच्यानेच करायचं. तुला कळू देऊ नको असं मीच त्याला सांगितलं. त्याने रायफल आणली असती तर तुम्हा सगळ्यांना कळलं असतं, की खळगा त्याच्या बंदुकीचा नाही."

हॉबार्टकडे जायचं आहे. तिला एवढंच विचारलं, टेटर घाबरला होता का.

"नाही," म्हणाली. "तुझा कोट घातला होता मी. वास घेतला आणि शेपटी हलवायला लागला. त्याला वाटलं, तूच आलास."