विहिरीतलं कासव

प्रिय दीपक,

लिहितो लिहितो म्हणता होळी होऊन गेली. रागावू नको. कागद काढला की कोणीतरी कूलर घेऊन दुकानात येतं, आणि मोटर खोलून बसलो की पत्र डोक्यातूनच जातं. मधात वरवट बकाल गावालाही जाऊन आलो, काऊन गेलो ते विचारू नको. तू इकडचा कोणाचाच फोन उचलत नाहीस, म्हणून हा खटाटोप.

तू कासवं सांभाळतोस त्या कोकणातल्या गावाची फार आठवण येते बे. सकाळी टोपली उचलली आणि कासवाची पिल्लं वाळूवरून समुद्राकडे निघाली, तेव्हा मुंबईच्या पाहुण्यांपेक्षा मीच जास्त ओरडलो होतो. आपल्याला खोली देणाऱ्या मंजुश्रीवहिनी हसून म्हणाल्या होत्या, “आमचे सासरे हीच अंडी उकरून आणायचे, आता काठी घेऊन त्यांची राखण करतात.” पाहुणे आले, घरोघरी जेवणाच्या पंगती बसू लागल्या, आणि कासव सगळ्या गावाचं झालं. तिथली सोलकढी मात्र मला अजून जमत नाही.

इकडे उलटं झालं. तुमच्या विहिरीत तुझ्या बाबांनी, भगवंतरावकाकांनी, पैनगंगेतून कासव आणून सोडलं, ते पाणी साफ राहावं म्हणून. स्वतः जेवायच्या आधी भाकरीचा तुकडा टाकायचे, आणि ते बरोबर डोकं वर काढायचं. काका गेले तरी काकूंनी तुकडा चुकवला नाही. पण आता गावात नळ आला, लग्नाकार्याला जारचं पाणी येतं, तुमच्या विहिरीचं पाणी कोणी पीत नाही. मग कासव पाहिजे कशाला, असं तुमच्या भावकीतच बोलायला लागले.

अशात एक जण मोटरसायकलवर आला. वीस नखांचं कासव घरात ठेवलं की पैशाचा पाऊस पडतो, असं समजणारे लोक आहेत ना, त्यांचा दलाल. देवळात शिरताना दगडी कासवाच्या पाया पडायचं आणि जिवंत दिसलं की पोत्यात घालायचं! त्यानं सांगितलेली रक्कम ऐकून तुझे चुलते लगेच पाणीबिणी विचारायला लागले. काकू मात्र म्हणाल्या, “त्याच्या नखानं पैसा पडत असता, तर माह्या घरावर हे गळके पत्रे राह्यले असते काय रे भाऊ?” तो अमावस्येला परत येतो म्हणून गेला. तेव्हापासून काकूंनी बाजच विहिरीजवळ टाकली आहे.

दिवाळीत तू ताटावरून उठलास, “बाबानं कासवाले विहिरीत जन्मठेप देली” म्हणालास, तेव्हा मी तिथंच होतो. तुझं चूक नव्हतं. पण काकूंना कासवाचं नाही, काकांचं लागलं. तू गेल्यावर त्या तुझं ताट कितीतरी वेळ झाकून बसल्या होत्या.

आता खरं सांगतो, हे पत्र काकूंचं आहे. होळीच्या आधीच त्या मला म्हणाल्या होत्या, “लिही त्याले, तो बराबर बोलला. पण माह्या हातानं सोडवत नाही. त्याच्या बाबानं आणलं, त्यानंच नदीत सोडावं.” आणि मी आज-उद्या करत राहिलो. इथपर्यंत लिहिलं आणि समोर एसटीतून कोण उतरावं? काकू! हातात बादली, बादलीवर ओलं पोतं. विहिरीत दोरीनं टोपलं सोडून, भाकरी दाखवून कासव त्यात घेतलं म्हणे. वाट पाहून थकल्या, आणि मला विचारतात, “फहीम, समुद्राची गाडी कुठं लागते? दीपक तिथं कासवंच सांभाळते ना, मंग याले बी सांभाळन.” हे गोड्या पाण्याचं कासव, खाऱ्या पाण्यात मरून जाईल, हे सांगितलं तर म्हणतात, “मंग दीपकलेच इकडं बलाव.” पत्राचा फोटो मंजुश्रीवहिनींच्या मोबाईलवर पाठवतो. वनखात्याच्या माणसाशी बोललो आहे, नदीवर तोही येणार. तोवर कासव माझ्या कूलरच्या टाकीत आहे आणि काकू टाकीपाशी बसून भाकरी मोडत आहेत. बाजूला एक अख्खी भाकर फडक्यात बांधून ठेवली आहे. ती कासवाची नाही म्हणतात.

तुझाच,
फहीम