घरचंच लेकरू

बाबा, परवा शाळेच्या मैदानावर मी मुलींच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक म्हणून पहिल्यांदा उभा राहिलो, आणि दिवसभर मला तुमचा राग येत राहिला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हा राग काही जात नाही.

तेव्हा आपण सेनगावला होतो, तुम्ही कचेरीत कारकून. माझ्या शाळेत खेळाचे सर नव्हते, म्हणून हेडमास्तरांनी पालकांना विचारलं आणि तुम्ही हात वर केलात. फुटबॉल तुम्ही कधी खेळला नव्हता, खो-खो खेळला होता. मग तुम्ही मैदानावर चुन्याच्या फक्कीनं चौकोन आखले, एकेका पोराला एकेका चौकोनात उभं केलं आणि बजावलं, "जागा सोडायची न्हाई. बॉल आल्याबिगर हलायचं न्हाई." बाजाराहून परतणारी माणसं थांबून बघतात. एकजण ओरडतो, "साहेब, बुजगावणी उभी केली का? पाखरं तं कुटं दिसंनात!" पोरं हसतात, तुम्हीही हसता. दुसऱ्या दिवशी तुम्ही चौकोन पुसून टाकले आणि आम्हाला मोकळं पळू दिलं. भर मैदानात आपली चूक कबूल करणारा माणूस तुम्ही. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

हिंगोलीच्या सामन्याला तुम्ही अकरा नावं वाचली, त्यात माझं नव्हतं. डावीकडून माझ्याइतकं जोरात कुणी पळत नाही, हे आईला तुम्हीच सांगितलं होतं. आपण हरत होतो, पोरं माझ्याकडे बघत होती, आणि तुम्ही शेवटपर्यंत मला उठवलं नाही. घरी आईनं भाकरी थापता थापता विचारलं, "त्याला काहून बसवलं?"

"लोक म्हनले असते, घरचंच लेकरू घातलं."

"मंग लोकायनं जन्म देल्ला व्हय त्याला?"

तुम्ही ताट पुढं ओढलं आणि भाकरी मोडली.

मोठा झाल्यावर तुमची बाजू मला कळली. कचेरीत दुसऱ्यानं भाच्याला चिकटवलं तर लोक हसून सोडून देत. आपल्या वस्तीतून शिकून तिथवर गेलेल्या तुमच्यावर मात्र सगळे डोळा ठेवून असत. कळली, पण पटली नाही. तुमच्या नावाची राखण करायला तुम्ही माझी जागा वापरली. एकदा विचारलं असतं, तर ती मी दिलीही असती. तुम्ही विचारलं नाही.

परवा मी माझ्या मुलीला अकरात घेतलं. ती चांगली खेळते म्हणूनच घेतलं. एक पालक जवळ येऊन म्हणाले, "काय सर, घरची पोरगी हाय म्हनून का?" मी म्हणालो, "घरची हाय, अन् खेळती बी बराबर." एवढ्या मोठ्यानं म्हणालो की आसपासची माणसं वळून बघू लागली.

हे लिहिलेलं कुणाला दाखवणार नाही, आईला तर नाहीच. पण तुम्हाला सांगतो. सामना सुरू झाला, मुलीकडे बॉल आला, सगळे ओरडले, आणि तिनं त्या बॉलचं काय केलं ते मी पाहिलंच नाही. मी कडेला उभ्या असलेल्या लोकांची तोंडं बघत होतो.