गच्चीच्या अठरा पायऱ्या

३१ डिसेंबर, मंगळवार

बांध चढता आला नाही मला!

काल येळवस, म्हणजे वेळा अमावास्या. सगळं लातूर शेतात. कडब्याच्या कोपीपुढं पंगत बसलेली, मी आंबिलीची घागर घेऊन मागून येत होते. गुडघ्याएवढा बांध. एक पाय टाकला, दुसरा उचलेचना. धाप लागली, डोळ्यांपुढं अंधारी आली, तिथंच मातीत बसले. जाऊबाईंनी घागर घेतली. म्हणल्या, "रेणुका, बांध हाय ह्यो, बालाघाट न्हाई!"

सगळे हसले. मीही हसले.

येताना गाडीत खिडकीकडं तोंड करून बसले. मुदखेडच्या शाळेत मी खो-खो खेळायचे. पळतीला उभी राहिले की पाच-पाच मिनिटं कोणाच्या हाताला लागत नव्हते. बजरंग सर मैदानाबाहेरून ओरडायचे, "रेणुका, वारं हो!" आणि मी व्हायचे.

२ जानेवारी

शुगर निघाली. उपाशीपोटी एकशे नव्वद. तीन महिन्यांची सरासरी साडेआठ.

डॉक्टर म्हणाले, रोज चाळीस मिनिटं व्यायाम, आणि काय केलं ते लिहून ठेवा. म्हणून ही वही. त्यांना दाखवायला वेगळा कागद करीन, इथं मनातलं लिहीन.

चाळीस मिनिटं आणायची कुठून? आत्याबाई दिवाळीत न्हाणीघरात पडल्या. माझ्या सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर. खुब्याचं हाड मोडलं, पट्टी बसवली. आता उभं राहायला हरकत नाही, उलट उभं राहा, असं डॉक्टर सांगतात. नाहीतर कायमच्या पलंगाला लागतील. पण त्या पाय खाली सोडत नाहीत. त्यांना एकटं टाकून मी घराबाहेर जाऊ शकत नाही. हे सकाळी नऊला भांड्यांच्या दुकानात जातात ते दिवे लागल्यावर येतात.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "दिवसभर राबून राहिलीस की घरात. त्यो व्यायामच हाय."

असेल. मग शुगर कशी आली?

४ जानेवारी

अक्षरा नांदेडला फिजिओथेरपी शिकते. लेक असून आज व्हिडिओवर माझी मास्तरीण झाली. "आई, वेळ काढायचा नाही. आहे त्या वेळेत घुसवायचा." ओट्याला धरून टाचा वर-खाली, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये वीस. भाजी चिरायला बसण्याआधी खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठ-बस. कपडे वाळत घालायला गच्चीवर एका फेरीत जायचं नाही, दोन-तीनदा जायचं. अठरा पायऱ्या. आणि गच्चीवर गेलंच तर दहा मिनिटं चालूनच खाली यायचं.

"आणि आज्जीला पण शिकव," म्हणाली.

मी फोन ठेवला.

७ जानेवारी

टाचा चाळीस. उठ-बस सहा. सातव्याला खुर्ची धरली.

१० जानेवारी

पाहुणे. काहीच नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ वाटायला बायका आल्या. मीच साखरेचं घर, एक दाणाही तोंडात टाकला नाही. तरी आईची आठवण आली. खेळून घरी आलं की आई हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायची, आधी हात धू म्हणून कधी म्हणली नाही. बाबा रेल्वेत पॉइंट्समन. आमचं मैदान रुळाला लागूनच. तेव्हा मीटरगेज होती. मालगाडी स्टेशनातून हलली की आम्ही मुली तिच्या बाजूनं पळायचो. सुरुवातीला गाडी मागं असायची! गार्ड हिरवा झेंडा आमच्याकडंच हलवायचा. कुंपणापाशी गाडी पुढं निघून जायची आणि आम्ही वाकून, गुडघ्यावर हात ठेवून हसत राहायचो. ती धाप किती गोड होती. आत्ताच्या धापेत नुसती भीती आहे.

१९ जानेवारी

गच्चीवर दहा मिनिटं चालले. खाली आले तर आत्याबाई म्हणतात, "वर काय गवसलं?"

मी सरळ ओट्याशी गेले.

लिहूनच टाकते. लग्नानंतर दहा वर्षं मला मूल नव्हतं. आत्याबाईंना कुठून तरी कळलं की मी पळायचे. एके दिवशी सगळ्या बायकांत म्हणल्या, "उड्या मारून मारून कूस वाळवली पोरीनं." त्यानंतर मी ह्या घरात मुदखेडच्या मैदानाचं नाव काढलं नाही. बजरंग सरांनी दिलेलं प्रमाणपत्र माहेरीच राहिलं, आणि माहेर विकलं तेव्हा गेलं. पुढं अक्षरा झाली. पण ते वाक्य गेलं नाही.

आणि आता मी त्यांना धुते, पुसते, भरवते. तोंडातून शब्द काढत नाही. वीस वर्षं मनात एकच म्हणत आले — आत्याबाईंपासून कधी सुटका होईल! लिहायला नको होतं. पण खरं आहे.

२४ जानेवारी

मजा झाली. ओट्याशी टाचा वर करत होते. माझी पाठ मधल्या खोलीकडं. मधेच मोजणं चुकलं. मागून आवाज —

"बारा झाले."

वळून बघितलं. आत्याबाई पलंगावरून बघत होत्या. "डावा पाय वाकडा पडून राहिलाय तुझा."

सरळ केला.

२५ जानेवारी

आज त्यांनी आपणहून मोजलं. कन्नडमध्ये! ओंदु, एरडु, मूरु... त्यांचं माहेर औरादच्या पलीकडं, सीमेवरचं. इथं आल्यावर सासरी हसतात म्हणून कन्नड सोडलेलं. हत्तूपर्यंत, म्हणजे दहापर्यंत आल्या. डोळे मिटले. पांघरुणाखाली काहीतरी हलत होतं.

उजवा पाय. मोडलेला. वर-खाली.

मी पाहिलं नाही असं दाखवलं.

२ फेब्रुवारी

पलंगाच्या कडेला बसून पाय लांब करतात. दहा एका पायाचे, दहा दुसऱ्याचे. मी भाजी घेऊन त्यांच्यासमोर खुर्चीत. त्या दहा, मी उठ-बस दहा. त्या कन्नडमध्ये मोजतात, मी मराठीत. दोघी एकाच वेळी दहाला पोचतो.

माझ्या उठ-बस पंधरा झाल्या.

११ फेब्रुवारी

उभ्या राहिल्या! वॉकर धरून, माझा हात कमरेला. कुकरची एक शिट्टी होईपर्यंत. पाय थरथरत होते. मला म्हणल्या, "सोड." मी सोडलं नाही. पुन्हा म्हणल्या, "सोड गं, धरून ठेवलीस तर मला कसं कळंल?"

सोडलं.

२७ फेब्रुवारी

काल महाशिवरात्र. घरभर माणसं, माझा पाय देवघर आणि स्वयंपाकघर यांच्यातच अडकला. दुपारी आत्याबाई एकट्याच उठल्या. वॉकर सरकला. पडल्या नाहीत, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पण नेमके हे तेवढ्यात आत आले. केवढ्यांदा ओरडले! "पुन्हा पडली म्हंजी? बंद करा हे सगळं! रेणुका, तुला म्हाताऱ्या माणसाशी खेळ सुचून राहिलाय?"

पाहुणे ऐकत होते. मी वॉकर सरळ करायला वाकले. तीस वर्षांची सवय.

भिंतीला टेकलेल्या आत्याबाईच बोलल्या. "वीरेश, तिनं न्हाई, म्या केलं. तू पाया पडायला आलास ना? मग पड, आन् जा."

हे खरंच पाया पडले आणि गेले!

मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. ह्या घरात माझ्या बाजूनं कोणीतरी पहिल्यांदा बोललं होतं.

५ मार्च

अंगणात फाटकापर्यंत. परत. पुन्हा फाटकापर्यंत.

१६ मार्च

गच्ची. अठरा पायऱ्या. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय जोडून. अक्षरानं फोनवर शिकवलं होतं — चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. बाराव्या पायरीवर बसल्या. मी म्हटलं, खाली जाऊ. त्यांनी कठड्याला हात घातला. मग उठल्या.

वर ऊन कोवळं होतं. सिमेंटच्या टाकीला टेकून दोघी बसलो. टाकीत मोटारीचं पाणी पडत होतं. बराच वेळ तो आवाज ऐकून म्हणल्या, "मला पवता येत होतं."

मला वाटलं चुकीचं ऐकलं.

"माहेरच्या विहिरीत. पाठीला वाळला भोपळा बांधून बापानं टाकलं होतं. आठ दिवसांत भोपळा सोडला म्या. वरच्या काठावरून सूर मारायची. पोरं बघत राहायची."

सांगत गेल्या तशा त्या लहान होत गेल्या. हातानं सूर कसा मारायचा ते दाखवलं, बसल्या बसल्या. मग पंधराव्या वर्षी लग्न होऊन इकडच्या गावी आल्या. पहिल्याच उन्हाळ्यात धाकटा दीर विहिरीत पडला. पाच वर्षांचा. काठावर चार गडी, कोणालाच पवता येईना. आत्याबाईंनी नऊवारीचा काष्टा आवळला आणि उडी मारली. पोराला केसांना धरून वर आणलं.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय. ओल्या अंगानं गड्यांसमोर आली म्हणून सासूनं चार दिवस अन्न दिलं न्हाई. गड्यानं काढलं असं गावात सांगायचं ठरलं. त्याच साली माझं पयलं बाळ पोटातच फिसकटलं. तवा सासू म्हणली..." पदर तोंडाला लावला. "म्हणली, उड्या मारून मारून कूस वाळवली पोरीनं."

टाकीत पाणी पडतच होतं.

"तेच म्या तुला म्हणलं, रेणुका. शब्द बी बदलला न्हाई."

माफ कर म्हणल्या नाहीत. थोड्या वेळानं मी त्यांचा हात धरून खाली आणलं. दुखरा पाय आधी.

१७ मार्च

तो दीर म्हणजे आमचे चुलतसासरे, गुरुपादप्पा! आपल्याला कोणी वर काढलं ते त्यांना अजून माहीत नाही.

२२ मार्च

आता रोज गच्ची. सकाळी सात ते पावणेआठ. पोळ्या आधी करून ठेवते. ह्यांनी तक्रार केली नाही. परवा तर स्वतः चहा करून घेतला. सांडला, पण केला.

मी भरभर दहा फेऱ्या, त्या सावकाश दोन. मग टाकीपाशी गप्पा. मी त्यांना मुदखेडची मालगाडी सांगितली. खांबाला वळसा कसा घ्यायचा ते गच्चीवरच्या नळाला धरून दाखवलं. वळसा घेताना पदर उडाला. आत्याबाई टाळ्या वाजवून हसल्या. कोण म्हणंल सासू-सून!

३० मार्च, पाडवा

गुरुपादप्पा काका आले. आत्याबाईंच्या पाया पडले. "वैनी, उभ्या राहिलात, लई झालं." मी चहा घेऊन उभी. त्यांच्या पांढऱ्या केसांकडं बघतच राहिले. आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं, बारीक मान हलवली. नको.

नाही सांगितलं. आता ते आम्हा दोघींचं आहे.

४ एप्रिल

सरासरी सातावर आली! डॉक्टर म्हणाले, काय केलंत? मी म्हटलं, सोबत मिळाली.

८ एप्रिल

आत्याबाईंना बहिणीकडं जायचंय. साखराबाई, त्यांच्याहून सात वर्षांनी धाकट्या. माहेरच्या घरात एकट्याच राहतात, मुलगा हैदराबादला. "चार दिस जाऊन येते," म्हणल्या. ह्यांनी थोडी कुरकुर केली. पण आत्याबाईंनी त्यांच्यादेखत, कशालाही न धरता, पलंगापासून फाटकापर्यंत चालून दाखवलं. काय बोलणार?

मीच पिशवी भरली. गोळ्या, शाल, दोन लुगडी. चार दिवसांना पुरे.

९ एप्रिल

हे गाडीनं सोडून आले. आज गच्चीवर एकटीच. चौदा फेऱ्या.

१३ एप्रिल

आज यायच्या होत्या. फोन आला, आणखी आठ दिवस.

टाकीपाशी बसवत नाही. चालते आणि उतरते.

२१ एप्रिल

फोन. "रेणुका, म्या आता हितंच ऱ्हाते. साखरा एकटी हाय. तिला दिसंना बी झालंय." मग हळूच म्हणल्या — संक्रांतीलाच ठरवलं होतं. उभी राहिले तर तिच्याकडं जायचं, म्हणूनच पाय हलवायला लागले. "तुला आदी सांगायला पायजे होतं. रागावलीस?"

मी म्हटलं, नाही.

जानेवारीत सांगितलं असतं, तर त्यांना घालवायला दुप्पट मेहनत घेतली असती मी. मार्चमध्ये कळलं असतं, तर एक पायरी चढू दिली नसती.