पुंजारामची उठबस

ती. सौ. उषाताईस,

पुंजारामचा नमस्कार. साष्टांग लिहायची रीत आहे, पण माझी निम्मी अंगं कमरेखाली आपापल्या मर्जीनं राहतात, तेव्हा वरच्या निम्म्यांचा पोचता समज. दाजींचा गुडघा कसा आहे? बदनापूर स्टेशनात सुटलेल्या गाडीमागं पळायचं त्यांनी आता तरी सोडलं असेल अशी आशा करतो. इकडे मी, मीना आणि म्हैस, तिघंही खुशाल. पत्र बघून घाबरू नकोस. काही काम नाही, सहज लिहितोय. फोनच केला असता, पण फोनवर तू "कसा हायेस रे पुंजा" एवढं म्हणतेस आणि रडायला लागतेस, मग दाजी फोन घेतात आणि आम्ही दोघं पावसाचं बोलतो. पत्रात तुला मधे रडता येत नाही, हा मोठाच फायदा आहे.

सध्या इकडची दुपार फार गोड असते. कापूस फुटलाय, मोसंबीला पिवळा रंग चढायला लागलाय, आणि लिंबाखाली जाऊन बसलो की डोळा लागतो. (जाऊन बसलो म्हणणं चूक आहे. मी बसलेलाच जातो.) शेवग्यावरून पडून पाठीचा मणका मोडला, त्यानंतर बरेच दिवस मी स्वप्नात चालायचो. एकदा तर त्याच शेवग्यावर परत चढलो आणि परत पडलो, म्हणजे स्वप्नातही मला अक्कल नाही. हल्ली मात्र स्वप्नातसुद्धा खुर्चीच असते. वाईट वाटून घेऊ नकोस, ती खुर्ची फार चांगली आहे. तिची चाकं कुरकुरत नाहीत, चिखलात रुतत नाहीत. ती लिंबाखालून अलगद वर उठते, राजूरच्या गणपतीच्या कळसाला हात जोडून वळसा घालते आणि बागांवरून संथ निघते. खाली बायका कापूस वेचत असतात. त्या मान वर करून बघतात, आणि कुणालाच नवल वाटत नाही. हे मला सगळ्यात जास्त आवडतं.

तर अशाच एका डुलकीतून जागा झालो तेव्हा पुढ्यात स्वरा नावाची मुलगी उभी होती. (अजून स्वप्नच चाललंय समजून मी तिला खाली कापूस कसा आहे म्हणून विचारलं.) पाठीचा मणका मोडलेली माणसं दवाखान्यातून घरी आल्यावर पुढं कशी जगतात, यावर एका संस्थेचं संशोधन चालू आहे आणि ही पोरगी त्यासाठी गावोगाव हिंडते. तिनं झोप विचारली, भूक विचारली, बसून बसून जखमा होतात का ते विचारलं, लघवीचं विचारलं. ताई, लघवीबद्दल इतक्या आदरानं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. झोपेच्या प्रश्नावर मी उडत्या खुर्चीचं सगळं सांगितलं. तिनं मन लावून ऐकलं, पण स्वप्नासाठी रकाना नाही म्हणाली. मग हातातल्या मोबाइलसारख्या मोठ्या पाटीवर बोट ठेवून विचारती झाली, "काका, तुमची उठबस कशी आहे?"

आता मला सांग, माणसाला उठबस विचारली की त्यानं काय समजायचं? कुणाकुणात वावर आहे, चार चांगली माणसं जवळ करतात की नाही, हेच ना? मला तर अभिमानच वाटला. म्हटलं, "लई मोठी हाय. सकाळधरनं चालूच असती." कुणाची मदत लागते का? "मदत कशाला? बिलकुल न्हाई, आपोआप होती." दमायला होतं का? "दमत न्हाई, पण रात्री मीनाच म्हणती, पुरं करा आता." पोरगी डोळे मोठे करून लिहीत गेली. तिला विचारायचं होतं की पलंगावरून उठून खुर्चीत बसता येतं का, आणि मी सांगत होतो कडूबा, सरपंच आणि आमच्या चहाच्या भुगोण्याबद्दल.

महिनाभरानं दारात जीप. तिच्यातून स्वरा आणि दोन मोठे डॉक्टर उतरले, एकाच्या गळ्यात कॅमेरा. मणका पार मोडलेला माणूस दिवसभर बिनमदतीनं उठतो-बसतो, हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. नेमका कडूबा तिथं होता. (तो रोज असतो. आमच्या पेपरातलं कोडं तोच आधी चुकीचं सोडवून ठेवतो.) जीप बघून तो गल्लीत ओरडत सुटला, "पुंजा उभा राहून राह्यला, चला जल्दी!" बघता बघता अंगण भरलं. म्हातारी माणसं पुढं बसली, पोरं लिंबावर चढली. डॉक्टर हळूच म्हणाले, जरा उठून दाखवता का? आणि त्याच घटकेला माझ्या डाव्या पायानं झटका मारला. हा पाय असा अधूनमधून आपणहोऊन उडतो, पाहुणे आले की जास्तच. त्याचा माझ्याशी काही संबंध नाही. पण लोक "हलला! हलला!" करत उठले आणि कडूबानं घाईघाईनं आणलेला नारळ माझ्या खुर्चीच्या पायटेकणीवर फोडला. पाणी सगळं डॉक्टरांच्या बुटात.

खरं सांगतो ताई, क्षणभर मलाही वाटलं. सगळं अंगण इतक्या आशेनं बघत होतं की मलाही वाटलं, आता उठतोच मी. तेवढ्यात मीना दारातून म्हणाली, "आंघुळीला बसवलं की रोज उडतो तो पाय. बसा खाली सगळे." आणि तिनं चहाचं आधण ठेवलं. ती आत वळली तेव्हा पदरानं डोळे पुसत होती, ते मी बघितलं.

चहा पिताना घोळ उलगडला. डॉक्टर पोट धरून हसले, स्वरा मात्र रडकुंडीला आली. मी तिला समजावलं, की बाई, चूक तुझी नाही, शब्दच तसला आहे. तिनं नाक पुसलं, पाटी मिटली आणि साधंच विचारलं, "काका, ही सगळी माणसं तुमच्याकडे येतात. तुम्ही कुणाकडे जाता?"

मी मनातल्या मनात घरं मोजायला लागलो. कडूबाच्या घराला छातीएवढा ओटा. पारावर पायऱ्या, देवळाला पायऱ्या, जिथं म्हणून जावं तिथं पायऱ्या. एवढ्या वर्षांत मी कुणाच्याही घरी गेलेलो नाही. माझ्या मोठ्या उठबशीतलं उठणं सगळं लोकांचं आणि बसणं तेवढं माझं. कडूबा कपात बघत म्हणाला, "आयला पुंजा, मी तुला घरी बोलवलंच न्हाई की कधी."

असो. त्या दुपारी खुर्ची परत उडाली, रेल्वेचे रूळ ओलांडून थेट बदनापूर. अधूनमधून जातेच ती तिकडे. हे मी स्वराला सांगितलं नव्हतं, रकानाच नव्हता. तुझ्या दारात उतरते आणि दाजींच्या कडप्प्याच्या तीन पायऱ्यांपाशी थांबते. वर तू ताट घेऊन उभी असतेस. विहिरी, बागा, कळस ओलांडून आलेली खुर्ची, पण त्या पायऱ्या काही तिला चढवत नाहीत. दाजींचं बांधकाम स्वप्नालासुद्धा पक्कं वाटतं. मग मला जाग येते.

दाजींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. काळजी नसावी.

तुझा,
पुंजा

ता. क. भाऊबीजेला बहिणीनं भावाकडे यायचं असतं, हे कुठं लिहिलंय? पडल्यापासून दरसाल तूच येतेस, इथं ओवाळतेस आणि रडत परत जातेस. यंदा मी येणार आहे. कडूबा मला त्याच्या छोट्या हत्ती टेम्पोतून आणतोय, मोसंबीही आणतोय. दाजींना म्हणावं, पायऱ्यांवर सिमेंटचा उतार करा. लांबलचक लागतो, त्यांची मोटारसायकल हलवावी लागेल. गुडघा दुखतो ना त्यांचा? मग त्यांच्यासाठीच सांगतोय असं समजा.

ता. क. आणखी एक. उतार नाही झाला तरी मी येणारच. अंगणात थांबेन, तू ताट घेऊन खाली ये. रडायचं ते आधी रडून घे, निरांजन विझतं. आणि पाट मांडू नकोस. बसायचं मी घरूनच घेऊन येतोय.